पहारेकऱ्याच्या झोपेचा डॉक्टर

आमच्या वगात एक पहारेकरी होता. राणीच्या महालाबाहेर भाला घेऊन उभा राहायचा आणि उभ्याउभ्या झोपी जायचा. आधी डोळे मिटत, मग मान कलायची, मग भाला तिरका होत जायचा. भाला आता पडणार, तोच त्याच्या घशातून असा घोर निघायचा की ढोलकीवाल्याचा हात थांबावा. आणि मग एकदम शांत. घोर नाही, श्वास नाही, काही नाही. समोरचे लोकही श्वास रोखून बसत. पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा तो धडपडून जागा व्हायचा आणि ओरडायचा, "कोन शे रे तठे?" लोक तंबू डोक्यावर घेत. साक्रीपासून यावलपर्यंत ह्या झोपेला वन्समोअर मिळाला नाही असं गाव आम्ही पाहिलं नाही.

पहारेकऱ्याचं नाव जीवराम. आमच्या फडाचा सोंगाड्या. राणी मी असायची. आणि आज ज्यांच्याविषयी लिहायला बसले आहे, ते डॉक्टर आधार बिऱ्हाडे आमच्याकडे पहिल्यांदा आले ते ह्या झोपेच्या मागोमाग.

साल एकोणनव्वद. पिंपळनेरची जत्रा. सकाळची वेळ, आम्ही कनातीमागे खोबरेल तेलाने तोंडाचा रंग उतरवत होतो. टेरिकॉटचा सदरा घातलेला एक सडपातळ माणूस आत आला आणि चपला काढून उभा राहिला. कनातीत चपला काढणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"मी धुळ्याला मेडिकल कॉलेजात शिकवतो," ते म्हणाले. "एक विचारायचं होतं, रागावू नका. ते पहारेकरी झोपेचं सोंग करतात की खरंच झोपतात?"

आमचे फडमालक रुपचंद. स्वभावाने मऊ, पण फडातलं गुपित कोणी हुंगलं की लगेच ताठ होत. "साहेब, हसलात ना? पैसे वसूल झाले ना? मग पुढच्या जत्रेलाही या."

"मी हसलो नाही," डॉक्टर म्हणाले. "त्यांचा श्वास बंद पडला तेव्हा मी घड्याळाकडे पाहत होतो. फार वेळ बंद होता."

जीवराम शेजारीच बशीत चहा ओतत बसला होता. त्याने बशी तोंडाशी नेता नेता वर पाहिलं. "लागनी का मन्ही चौकशी? डॉक्टर भाऊ, मी जपाना पगार लेस. सरकारी नोकरीमा बी तसंच ऱ्हास ना?" जपणं म्हणजे आमच्या अहिराणीत झोपणं.

डॉक्टर हसले. पहिल्यांदा हसले ते तेव्हा. आणि बहुधा त्याच क्षणी ते आमचे झाले.

खरं काय ते सांगते. जीवराम सोंग करत नव्हता. त्याला दिवसा, रात्री, बोलता बोलता, जेवता जेवता झोप यायची. एकदा चालू वगात लागली, लोक हसले, म्हणून रुपचंदभाऊंनी तो प्रवेशच त्याच्या झोपेभोवती बांधला. माझी वाक्यं कमी जास्त करायची, ढोलकी हलकी करायची, की त्याची झोप आपोआप चालून यायची. आम्हाला वाटायचं, देवाने दिलेली कला आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार आहे. झोप लागली की घशाच्या आतलं मांस सैल पडतं आणि श्वासाची वाट बंद होते. माणूस गुदमरतो, अर्धवट जागा होतो, दम घेतो, पुन्हा झोपतो, पुन्हा गुदमरतो. झोप पुरी होतच नाही, म्हणून दिवसभर डोळे मिटतात. आणि सगळा ताण काळजावर येतो. त्यांच्या कॉलेजात ह्या विषयाचं नाव काढलं की लोक हसायचे. एक वरिष्ठ म्हणाले होते, "घोरणं हा आजार असेल तर आमच्या सासऱ्यांवर पीएचडी कर." संध्याकाळी प्रयोगशाळेला कुलूप लागायचं. झोपेचा अभ्यास करायचा आणि रात्री दार बंद! अशा माणसाला आमचा फड दिसला. आम्ही रात्रभर बोर्डावर आणि दिवसभर झोपलेले, तंबूचा पडदा वर केला की सगळे झोपलेले जीव स्वच्छ उजेडात ओळीने पडलेले. त्यांना काय वाटलं असेल, याची मी कल्पना करू शकते. रिकामं नाट्यगृह दिसल्यावर नटाला वाटतं तेच.

मग शनिवार-रविवार धरून ते येऊ लागले. आमचा मुक्काम साक्रीला असो की चोपड्याला, एसटीतून उतरायचे, खांद्यावर पत्र्याची पेटी. पेटीत घड्याळासारखा फिरणारा एक पितळी डबा. त्याच्यावर गुळगुळीत कागद गुंडाळायचे, तो रॉकेलच्या ज्योतीवर धरून काजळीने काळा करायचे. झोपलेल्याच्या छातीला रबरी नळी बांधली की श्वासागणिक एक बारीक काडी हलायची आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटायची. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या व्हायच्या. आमच्या पोरी चिडवत, "डॉक्टर, आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त मेकअप करता!"

बाया आधी नळी बांधून घ्यायला तयार नव्हत्या. मी पहिली झाले. उठल्यावर त्यांनी मला माझी रेघ दाखवली. एकसारख्या लाटा. "कमलअक्का, तुमची झोप म्हणजे उन्हाळ्यातली तापी," ते म्हणाले. मग जीवरामची दाखवली. चार-दोन वेड्यावाकड्या लाटा, मग सपाट. सपाट, सपाट, कागदाच्या अर्ध्या रुंदीपर्यंत सपाट. मग एक उंच टोक. मी रेघेवरून बोट फिरवायला गेले तर त्यांनी माझा हात धरला, काजळी पुसली जाईल म्हणून. 

डॉक्टर चोपड्याजवळच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले. त्यांचे आजोबा गावच्या तमाशात ढोलकी वाजवत. धर्म घेतला त्या वर्षी आजोबांनी ढोलकी खाली ठेवली आणि घरात पुन्हा तिचं नाव निघालं नाही. मुलगा तमाशाच्या तंबूत बसतो हे कळल्यावर द्रौपदाबाई, त्यांच्या आई, जेवण टाकून बसल्या. "तुन्हा आजानी ढोलकी खाले ठेवी म्हनीसन तुन्हा हातमा पुस्तक उनं. आते तू तठेच जाई बठस?" डॉक्टरांनी मला हे हसत हसत सांगितलं, पण त्यांना ते लागलं होतं. आईचं खोटं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. आणि आमच्या लोकांविषयी त्यांच्या मनात एक आदर होता, तोही खोटा नव्हता. कलावंताशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. रुग्णाशी बोलताना डॉक्टरचा आवाज असा खाली येऊ नये, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनाही.

उपाय त्या काळी एकच होता. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची. डॉक्टरांनी ते जीवरामला त्याच्या बायकोसमोर, तानुबाईसमोर, सांगितलं.

जीवरामने गळ्यावरून हात फिरवला. "गळाले भोक पाडं तर मी बोलसू कसा?"

"बोलताना भोकावर बोट ठेवायचं. आवाज बदलतो."

"मंग एक हातमा भाला, एक हात गळाले. मुजरा कोन्ता हातघाई करू, डॉक्टर भाऊ?"

सगळे हसले. तानुबाई हसली नाही. ती दररोज दुपारी नवऱ्याच्या उशाशी बसून राहायची. घोर थांबला की त्याच्या बरगडीत बोट खुपसायची. तिने विचारलं, "दुसरं काही नही का?"

होतं. परदेशातल्या एका मासिकात त्यांनी वाचलं होतं. नाकावर मुखवटा बसवून आत हवेचा जोर ठेवायचा, म्हणजे घसा मिटत नाही. तसं यंत्र आपल्याकडे नव्हतं. मग ते बनवायला निघाले. जळगावला छगन नावाचा त्यांचा शाळासोबती मोटारी वाइंडिंग करायचा. दोघांनी मिळून धूळ ओढायच्या यंत्राची मोटर उलटी बसवली, फवारणीच्या पंपाची नळी जोडली, कॉलेजात भंगारात पडलेला भूल द्यायचा रबरी मुखवटा आणला. जळतं, वितळतं, शिट्टी वाजते, असं पुष्कळ दिवस चाललं. डोक्यामागून मुखवटा घट्ट बसेना, तेव्हा मी माझ्या पायातल्या चाळाची कातडी पट्टी काढून दिली.

चोपड्याच्या मुक्कामात ते यंत्र पहिल्यांदा लागलं. दिवसा वीज कुठली? रुपचंदभाऊंनी जनरेटर सुरू केला. त्या धडधडाटात एकटा जीवराम झोपला आणि बाकी सगळा फड जागा! गवळणीतला पेंद्या करणारा तोताराम उशी डोक्यावर दाबून ओरडला, "अरे, एकाला झोपवायला सगळ्यांना मारता का?" पण थोड्या वेळाने तोही उठून येऊन बसला. आम्ही सगळे कडं करून बसलो. मुखवट्याआडून जीवरामचा श्वास येत होता, जात होता. घोर नाही, अडकणं नाही. तानुबाईचं बोट बरगडीजवळ तयार होतं, त्याला कामच पडेना. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"आवाज गेला म्हणजे झोप चांगली लागली, वहिनी," ते म्हणाले. "आता तुम्हीही जरा पडा."

किती वर्षांनी असेल, ती बाई दिवसा आडवी झाली. डॉक्टर कागदाकडे पाहत होते. नंतर बाजूला जाऊन त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला.

तीन दिवस जीवराम असा झोपला. तिसऱ्या दिवशी उठला तो वेगळाच माणूस. चेहऱ्याची सूज उतरलेली, डोळे लख्ख. तोतारामला पाठीवर घेऊन तंबूभोवती पळाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री वग लागला. मी महालात, पहारेकरी दारात. मी वाक्यं लांबवली. ढोलकी हलकी झाली. जीवराम भाला धरून उभा, डोळे टक्क उघडे. मी वाक्यं आणखी लांबवली. झोप येईना. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि घोरण्याचं सोंग केलं. पन्नास तऱ्हेचे राजे, सावकार, तलाठी वठवणारा तो माणूस, पण झोप त्याने कधी वठवलीच नव्हती. त्याची गरजच पडली नव्हती. लोकांना लगेच कळलं. कोणीतरी ओरडलं, "जप ना रे भो! पैसा दियेल शेतस!" मग शिट्ट्या. मग हुर्यो. जीवरामने भाला आपटून "कोन शे रे तठे?" म्हटलं, त्यावर एकही माणूस हसला नाही.

दुसऱ्या दिवशी रुपचंदभाऊ म्हणाले, "सोड तो प्रवेश. दुसरं काही बसवू. झोपेवर काय फड चालतो का?" मनापासून म्हणाले. पण जीवराम तिथून उठला. तो डॉक्टरांसमोर जाऊन मांडी घालून बसला.

"डॉक्टर भाऊ, एक मागनं शे. वैशाखलगून माले सोडा. जत्रा सरी जाऊ द्या. मंग तुम्ही सांगशात तसा जपसू. गळाले भोक पाडा तरी चाली."

"तोवर धोका आहे, जीवराम."

"इतला वरीस नही मरनू, दोन महिनामा मरसू का? भाऊ, लोके माले नावघाई नही वळखतस. 'तो जपनारा' म्हनतस. आते मी कोन?"

 तानुबाई तंबूच्या दोरीला धरून उभी होती. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत होते. डॉक्टर नाही म्हणणार, असं मला वाटलं. तसा त्यांचा ओठ हललाही.

"वैशाखापर्यंत," ते म्हणाले. "एका कुशीवर झोपायचं. वैशाख संपला की मी स्वतः येऊन यंत्र लावीन."

जीवरामने त्यांचे पाय धरले. त्यांनी घाईने त्याला उठवलं. तानुबाई एवढंच बोलली, "तुम्ही बी ह्या हसनारासमाच बसनात, डॉक्टर." आणि आत निघून गेली.

दोन दिवसांत जीवरामची झोप परत आली, आणि तिच्याबरोबर हशा. त्या रविवारी डॉक्टरांनी वग बाजूच्या विंगेतून पाहिला. पहारेकऱ्याची मान कलली, भाला तिरका झाला, आणि आमचे डॉक्टर हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या हसण्याची आठवण त्यांना पुढे कधीच सोडून गेली नाही.

वैशाखात अमळनेरची जत्रा. तिथल्या मुक्कामात एका दुपारी ऊन इतकं की तंबूचं कापड तापून वास येत होता. सगळा फड झोपलेला. आमच्यात एक नेम होता, झोपलेल्या कलावंताला कोणी उठवायचं नाही. मालकानेसुद्धा नाही. तानुबाई चुलीशी बसली होती. तिच्या कानांवर घोर येत होता. मग तो थांबला आणि थांबलेलाच राहिला. ती उठून आत आली. जीवराम कुशीवर पडलेला, चेहरा शांत. चोपड्याच्या त्या तीन दिवसांत पाहिला होता, तसाच. तिने तोंडावर बोट ठेवून, तोवर जाग आलेल्या आम्हा चौघांना सांगितलं, "आज धनी घोरी नही ऱ्हायनात. उठाडू नका कोनी."

आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो. चहाच्या वेळी हाक मारली, तेव्हा जीवराम उठला नाही.

डॉक्टर संध्याकाळी पोहोचले. कॉलेजात परीक्षा चालू होत्या, तिथे निरोप मिळताच तसेच निघाले होते. तानुबाईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने साधं विचारलं, जसं औषध कितीदा घ्यायचं ते विचारतात तसं. "तुम्हीच सांगं व्हतं ना, आवाज गया म्हंजे झोप चांगली लागनी?"

"यंत्र लावलेलं असताना," ते म्हणाले.  "हे मी सांगायचं राहिलं, वहिनी."

ते मातीत बसले. रुपचंदभाऊंनी त्यांना धरून उठवायचा प्रयत्न केला, पण ते उठले नाहीत.

पुढची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. त्या तीन दिवसांच्या रेघा त्यांच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांनी पाहिल्या आणि ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, आपल्याकडे असं काम कोणी केलेलं मला माहीत नाही, लगेच छापायला पाठव. डॉक्टरांनी निबंध लिहिला. त्यात तीन दिवस लिहिले, आणि त्यापुढे रुग्णाला यंत्र थांबवायची परवानगी आपण दिली आणि तो गेला, हेही लिहिलं. त्याच्या बायकोला सांगितलेलं अर्धं वाक्यसुद्धा लिहिलं. मार्गदर्शक म्हणाले, एवढा शेवट काढून टाक. तीन दिवस खरे आहेत ना? मग तेवढेच दे. डॉक्टरांनी शेवट काढला नाही. निबंध परत आला. दुसरीकडे पाठवला, तिथूनही आला. पीएचडी अर्धवट राहिली. त्यांच्यामागून आलेले प्राध्यापक झाले, हे व्याख्यातेच राहिले. कॉलेजात पाठीमागे त्यांना तमाशा डॉक्टर म्हणत. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, एक पान फाडलं असतं तर आज मोठ्या खुर्चीत असता." ते म्हणाले, "अक्का, ते पान म्हणजे जीवराम आहे."

पण काम त्यांनी सोडलं नाही. आमचा फड मोडल्यावर ते दीपनगरला जाऊ लागले. वीज केंद्रातली पाळीची माणसं, तीही दिवसाच झोपणारी. तिथे त्यांनी पुष्कळ माणसं तपासली. पण माणूस बदलला होता. आवाज खाली येत नव्हता. रुग्णाला दटावायचे, त्याला बायकोसमोर सुनवायचे, साहेबांकडे जाऊन पाळ्या बदलून घ्यायचे. वसाहतीतले लोक त्यांना पाहिलं की खिडक्या लावून घेत.

सत्त्याण्णव साली झुलाल नावाचा एक ऑपरेटर होता. त्याची रेघ जीवरामच्या वळणाची निघाली. तोवर मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तसली यंत्रं मिळू लागली होती. झुलाल म्हणाला, पोरीचं लग्न आहे, ते उरकलं की जातो. डॉक्टर त्याच्या ओट्यावर जाऊन बसले. पत्रिका वाटून झालेल्या, मांडवाचे बांबू दारात येऊन पडलेले. झुलालच्या बायकोने हात जोडले. भावकीतल्या एकाने दंडाला धरून त्यांना खाली ओढलं, सदरा फाटला. ते पुन्हा वर जाऊन बसले. ठरलेलं लग्न पुढे ढकलणं आपल्याकडे काय असतं, ते मी सांगायला नको. पण मुलाकडच्या एका वडीलधाऱ्या माणसाने हा तमाशा पाहिला आणि तोच म्हणाला, "आधी बापाला नेऊन आणा, मांडव काय पळून जातो?" झुलाल मुंबईला गेला.

दीपनगरहून परतताना डॉक्टर जळगावला माझ्याकडे उतरले. मी शनिपेठेत एका खोलीत राहत होते. फाटलेल्या बाहीकडे पाहून मी विचारलं, तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं. सुई-दोरा काढून मी बाही शिवायला घेतली.

"सगळी वसाहत शिव्या देते मला," ते म्हणाले. "पोरीच्या लग्नात विघ्न आणलं म्हणतात. झुलालच्या आईने तर बोटं मोडली."

"मोडू द्या," मी म्हटलं. "लेक वाचला तिचा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मी दोरा तोडला, सदरा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"अक्का," ते म्हणाले, "ह्या शिव्या मी तेव्हा तानुबाईंच्या दारात बसून जीवरामकडून खायला हव्या होत्या."

मी सदरा घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला. तसं केलं असतं तर जीवराम नसता मेला, हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही.